पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

गेल्या महिन्यात भाची घरी आली आणि चहा होईपर्यंत तिने विजेच्या बिलाच्या कोऱ्या पाठीवर आकडे मांडले. ती डोंबिवलीत राहते, नोकरी अंधेरीला, हातात येणारा पगार ३०,०००. मुलगा दीड वर्षाचा. पाळणाघर ८,०००. शेअर रिक्षा, लोकलचा पास आणि घाटकोपरहून अंधेरीपर्यंतची मेट्रो मिळून ३,०००. पोळ्यांच्या मावशी २,०००. गाडी चुकली की पोळी-भाजी केंद्रातून आणायच्या भाजीचे महिन्याला १,०००. ऑफिसचे कपडे, चपला, कुणाच्या तरी निरोप समारंभाची वर्गणी, हे आणखी १,०००. बेरीज १५,०००.

"म्हणजे मावशी, सकाळी साडेसातला बाहेर पडते आणि रात्री आठला घरात शिरते ती निम्म्या पगारासाठी. बाकीचा निम्मा वाटेतच सांडतो. सोडून देऊ का?"

बेरीज बरोबर होती. चूक वजाबाकीत होती, आणि ती एकट्या भाचीची नव्हे. घरात, कचेरीत, महापालिकेत, आयकर खात्यात सगळीकडे ही वजाबाकी अशीच मांडली जाते. त्या दिवशी मी तिला तोंडी जे सांगितलं ते थोडं नीट करून इथे मांडते आहे. मुद्द्यांना आकडे घातलेत ते वाद घालणाऱ्याला सोयीचं जावं म्हणून.

१. पाळणाघराची फी फक्त आईच्या पगारातून का वजा होते?

भाचीच्या नवऱ्याचा पगार ४५,०००. त्याच्या मोटारसायकलचं पेट्रोल, टपरीवरचा चहा, दुपारचं जेवण यातलं काही त्या बिलाच्या पाठीवर नव्हतं. घराचा हप्ता तरी कुणी एकाच्या पगारातून वजा करत नाही. तो 'घरखर्च' असतो. मग पाळणाघर तेवढं 'तिच्या नोकरीचा खर्च' कसं झालं? मूल पाळणाघरात असतं म्हणून तोही कामावर जाऊ शकतो. तेच १५,००० दोघांच्या मिळून ७५,००० मधून वजा केले तर पाचवा हिस्सा जातो. जड आहे, पण नोकरी सोडण्याइतकं नाही.

दुसरी बाजू भाचीने मांडलीच नव्हती. तिची नोकरी सात वर्षांची झाली आहे. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. म्हणजे आत्ता सोडली तर तिथे पैसे परत मिळतील, पेन्शन नाही. भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन मिळून तिच्या वाट्याइतकीच भर मालकाकडून पडते, तीही थांबेल. पाच वर्षांनी परत येईन म्हणाली तर कुठल्या पगारावर येईल, हे आमच्या बँकेतल्या ज्या दोघी-तिघी सोडून परत आल्या त्यांना विचारावं. पाळणाघराची फी पाच-सहा वर्षांत संपते. नोकरी अजून पंचवीस वर्षं चालायची असते. दुकान काढणारा पहिल्या वर्षाचं भाडं गल्ल्यातून वजा करून 'दुकान तोट्यात आहे, बंद करू' असं म्हणत नाही.

२. हा खर्च पैशाइतकाच मिनिटांचाही आहे.

पाळणाघर साडेसातला बंद होतं. सहा तेराची लोकल सहा तेराला सुटेल, याची हमी कुणी देत नाही. साडेसातनंतर अर्ध्या तासाला शंभर रुपये जादा, आणि त्याहून महाग म्हणजे दार उघडणाऱ्या ताईंच्या चेहऱ्यावरची आठी. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सोडली. त्या गाडीत भाज्या निवडणाऱ्या बायकांचे फोटो आजही कौतुकाने छापले जातात. मला ते फोटो बघून कधी कौतुक वाटलं नाही. गवारीच्या शिरा काढायला जिला घरी दहा मिनिटं मिळत नाहीत, ती गाडीत काढते, इतकंच त्यात आहे.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. मुलांचं-म्हाताऱ्यांचं बघणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. पोळ्यांच्या मावशींना दिलेले २,००० या २८९ मधली तीस-चाळीस मिनिटं विकत घेण्यासाठी असतात. सासरी याला 'पोळ्यासुद्धा बाहेरून' म्हणतात.

प्रवासही स्वस्त होत नाही. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं एका दिवसात ५ रुपयांवरून १० झालं. उलट दिशेचं एक पाऊलही नोंदवायला हवं: मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि तालुक्याच्या गावी नोकरीला जाणाऱ्या कितीतरी जणींच्या हिशेबात त्याने खरोखर फरक पडला. मुंबईच्या लोकलला आणि बेस्टला ती सवलत नाही.

३. आजी ही फुकट सोय नाही.

'आई आहेत ना घरी' हे वाक्य मुलाखतीपासून मंगलकार्यालयापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. भाचीच्या सासूबाई साताऱ्याला असतात. बाळंतपणानंतर सहा महिने इथे राहिल्या, मग गुडघे बोलू लागले आणि सासरे तिकडे एकटे डबा खात होते. माझी एक मैत्रीण न्यू जर्सीतल्या लेकीकडे जाते. तिथे पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं, म्हणून तिच्या घरात वर्षाची वाटणीच ठरली आहे, पहिले सहा महिने मुलीचे आईवडील, पुढचे सहा जावयाचे. अमेरिकेतली पाळणाघरं परवडत नाहीत म्हणून पुण्याच्या कोथरूडमधल्या आजी-आजोबांच्या पाळ्या लागतात. विमानाची तिकिटं, तिकडचा आरोग्यविमा, इकडे बंद पडलेलं घर आणि थांबलेली फिजिओथेरपी, यांचा हिशेब कुठे लिहायचा? मला आजी म्हणून नातवंडं सांभाळायला आवडतील. आवडणं वेगळं आणि रोज सकाळी साडेसातला हजर असणं वेगळं.

४. कायदा आहे. तो पन्नासाव्या माणसापाशी सुरू होतो आणि चुकीच्या पत्त्यावर जातो.

१९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर, अशी अट होती. तीसच बायका ठेवल्या की सुटलो, हा धडा कारखानदार ताबडतोब शिकले. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्याची दुरुस्ती झाली तेव्हा ही खोट काढली गेली: पन्नास किंवा अधिक कर्मचारी, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, असतील तिथे पाळणाघर सक्तीचं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं. १९६१ च्या मूळ कायद्यातली १२ आठवड्यांची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही.

अडचणी पुढे आहेत. पहिली, रजेचा पगार कोण देतो? कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांना तो महामंडळ देतं, पण त्या योजनेची पगाराची मर्यादा २१,००० आहे आणि ती २०१७ पासून हललेली नाही. त्यावर पगार असलेल्या बाईचा सगळा भार एकट्या मालकाच्या अंगावर. मग मुलाखतीत 'लग्न झालंय का' नंतर थोडं थांबून 'पुढचं काही प्लॅनिंग?' असं विचारलं जातं. दुसरी, पाळणाघर काढायचं म्हटलं तरी त्याची फी मालकाने भरायची की आईने, हे कायद्याने स्पष्ट केलेलं नाही. तिसरी, पन्नासच्या खालच्या कचेऱ्या, दुकानं, दवाखाने, क्लासेस यांचं काय? आपल्याकडच्या कितीतरी बायका तिथेच काम करतात.

आणि चौथी अडचण खास मुंबईची, दिल्लीत बसून ती सुचणार नाही. समजा भाचीच्या कंपनीने अंधेरीला उत्तम पाळणाघर काढलं. दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन ती सकाळी डोंबिवलीहून लोकलमध्ये चढणार कशी? जिथे धडधाकट माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत, तिथे? कामाच्या ठिकाणचं पाळणाघर कारखान्याच्या वसाहतीत, चहाच्या मळ्यात, इस्पितळाच्या आवारात शोभतं, कारण तिथे घर आणि काम जवळ असतं. लोकलच्या शहरात पाळणाघर घराजवळ हवं, नाहीतर घराजवळच्या स्टेशनापाशी. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पाळणाघर कामाच्या जागी किंवा राहत्या वस्तीत, ५०० मीटरच्या आत असावं असं म्हटलं आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून, किंवा नगरपालिकेचं म्हणून, सामायिक पाळणाघर वापरायलाही मुभा आहे. म्हणजे दार उघडं आहे. डोंबिवली, कल्याण, विरार, पनवेल या स्टेशनांच्या बाहेर पालिकेने पाळणाघरं काढावीत आणि अंधेरीच्या, परळच्या कंपन्यांनी आपापल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पैसे तिथे भरावेत. स्टेशनाबाहेर दुचाकींचे तळ उभे करता येतात, मुलांसाठी दोन खोल्या काढणं त्याहून अवघड नसावं.

५. काकूंचं काय करायचं?

माझी मुलगी एका काकूंकडे वाढली. डोंबिवलीतल्याच, दोन खोल्यांचं घर, दारावर पाटी नाही, नोंदणी नाही, काही नाही. नऊ मुलं. दुपारी वरणभात, चारला दूध-बिस्किट, मग शुभंकरोती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मी फोर्टातल्या बँकेत अडकले, नवरा ठाण्याला. फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांतून चालत कल्याणच्या बाजूला पोहोचले तेव्हा काकूंकडे सात मुलं होती. रात्रभर तिथेच. सगळ्यांना मेणबत्तीच्या उजेडात खिचडी घातलेली, ओल्या चड्ड्या गॅसवर तवा ठेवून सुकवलेल्या. पैसे विचारले तर 'रॉकेलचे तेवढे दे' म्हणाल्या. तेही नंतर.

हे सांगून झाल्यावर दुसरं सांगायलाच हवं. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण होताना कॅमेऱ्यात दिसलं आणि राज्यभरच्या आईबापांची झोप उडाली. त्या वेळी नियम करण्याची बरीच घोषणाबाजी झाली. खाजगी पाळणाघर आजही शिवणाच्या क्लाससारखंच सुरू करता येतं: घरात जागा असली आणि चार ओळखी असल्या की झालं. काकू चांगल्या निघाल्या हे माझं नशीब. मुलांची सुरक्षितता नशिबावर सोडून चालत नाही.

तरीही 'कडक परवाना' म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण परवाना म्हणजे खेटे, आणि खेटे घालणं काकूंना जमणार नाही, साखळी चालवणाऱ्या कंपन्यांना जमेल. मग फी ८,००० ची १८,००० होईल. मला वाटतं नोंदणी सोपी हवी, पालिकेच्या प्रभाग कार्यालयात एका पानाच्या अर्जावर; तपासणी वर्षातून दोनदा आणि न सांगता. एका बाईमागे किती मुलं, बाहेरच्या माणसाला आत कोण सोडतं, जवळचा दवाखाना कोणता, आगीच्या वेळी दुसरा रस्ता कुठे, एवढं बघायचं. काकूंना प्रथमोपचाराचं चार दिवसांचं शिक्षण फुकट द्यायचं. फुकट, कारण त्या आपलं सार्वजनिक काम करतात.

काकूंची इमारत चार वर्षांपूर्वी पुनर्विकासात गेली. नव्या टॉवरमध्ये त्यांना मोठी जागा मिळाली, पण सोसायटीच्या पहिल्याच सभेत ठराव झाला, सदनिकेत कुठलाही व्यवसाय चालणार नाही. लिफ्टमध्ये मुलांचा गलका होतो, ही तक्रार. त्याच सोसायटीत तळमजल्यावर व्यायामशाळा आहे, आणि दिवसातले बहुतेक तास ती रिकामी असते. पुनर्विकासाला वाढीव क्षेत्र देताना ठराविक घरांमागे पाळणाघराची एक खोली सक्तीची करा, ही मागणी मी आमच्या नगरसेवकाकडे लिहून दिली. त्याने ती वाचली, 'चांगलं आहे मॅडम' म्हणाला आणि खिशात ठेवली.

६. आयकर: थोडक्यात, कारण इथून फार मिळायचं नाही.

धंदा करणाऱ्याच्या मोटारीचं पेट्रोल, ड्रायव्हरचा पगार, गाडीचा घसारा, सगळं नफ्यातून वजा होतं, कारण तो 'धंद्यासाठी केलेला खर्च'. कंपनीने पाळणाघर चालवलं तर तोही धंद्याचा खर्च. आईने स्वतःच्या खिशातून फी भरली तर तो खासगी खर्च. पगारदाराला नोकरीसाठी येणाऱ्या सगळ्या खर्चाच्या नावाने एकच ठोक वजावट मिळते, नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये. मूल असलेली, नसलेली, सगळ्यांना तेवढीच. मुलांच्या शिक्षण भत्त्यावरची करमाफी तर कित्येक दशकं एका मुलामागे महिना १०० रुपयांवर अडली होती.

हा वाद आपलाच आहे असं समजू नये. कॅनडात बेथ सिम्स नावाच्या वकीलबाईंनी मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार व्यवसायाचा खर्च म्हणून धरावा, यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९९३ मध्ये त्या हरल्या. नऊ न्यायाधीशांपैकी दोघांनी त्यांच्या बाजूने मत दिलं, आणि त्या पीठावर बायका होत्या त्या नेमक्या दोनच. निकालापेक्षा मला ही मतविभागणी जास्त बोलकी वाटते.

पण २०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या प्रणालीत १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर लागत नाही. त्यामुळे पाळणाघराला करसवलत मिळाली तरी भाचीच्या हातात एक रुपयाही येणार नाही, आणि पोळ्यांच्या मावशींच्या तर गावीही नसेल. सवलत मागणाऱ्या संघटनांनी हे लक्षात ठेवावं. तिच्याकडून राज्य सरकार व्यवसाय कर मात्र महिन्याला २०० रुपये घेतं. पगार २५,००० पर्यंत असता तर बाई म्हणून माफ झाला असता.

७. पोळ्यांच्या मावशींचं मूल कुठे असतं?

हा प्रश्न मी भाचीला विचारला तेव्हा ती गप्प झाली. मावशी पहाटे पाचला उठून सहा घरं करतात. त्यांचं धाकटं तीन वर्षांचं, मोठी मुलगी दहाची. धाकट्याला मोठी सांभाळते, आणि म्हणून तिची शाळा महिन्यातून आठ-दहा दिवस बुडते. मावशींना 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये मिळतात, जुलै २०२४ पासून. ते पैसे काढून घ्या असं मी म्हणणार नाही. त्यातून त्यांनी आधी गॅस भरला आणि मग स्वतःसाठी चष्मा केला, पहिल्यांदाच. पण १,५०० रुपयांत त्यांना पाळणाघर परवडत नाही, आणि वस्तीत ते नाहीच. हातात रोख देणं आणि दाराशी सोय देणं यातलं पहिलं सरकारला सोपं जातं. एका दिवसात जमतं, फोटो काढता येतो.

सोयीचा सांगाडा मात्र आपल्याकडे तयार आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव, वस्तीवस्तीत अंगणवाडी आली. त्याच्या तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं होतं, सोबत अनुताई वाघ. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची, इतका साधा त्यांचा विचार होता. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही काढली. आई जिथे आहे, मूल जिथे आहे, तिथे आपण जायचं हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

आजची अंगणवाडी काही तासच उघडी असते. तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे बसवत नाहीत, त्यांचा शिधा घरी जातो. खोली दुपारी कुलूपबंद. सहा घरं करणाऱ्या बाईला हे वेळापत्रक उपयोगाचं नाही. केंद्राने २०२२ पासून 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरवलं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, आणि देशभरात अशी १७,००० केंद्रं करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. देशाचा आकार बघता हा आकडा किरकोळ आहे, पण दिशा बरोबर आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ मध्ये 'कूसिना मने' नावाने ४,००० ग्रामपंचायतींत पाळणाघरं जाहीर केली. महाराष्ट्रातल्या महापालिकांनी निदान झोपडपट्टीतल्या अंगणवाड्या सकाळी सात ते संध्याकाळी सात उघड्या ठेवाव्यात.

मात्र त्याच सेविकेला बारा तास बसवून नाही. तिला मिळतं त्याला 'मानधन' म्हणतात, पगार नाही. त्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं, तेही कोर्टात जावं लागल्यावर. एका बाईचं मूल सांभाळलं जावं म्हणून दुसऱ्या बाईला मानधनावर राबवायचं असेल तर तो हिशेब पुन्हा चुकलेलाच आहे. दुसरी पाळी, दुसरी सेविका, पूर्ण पगार. महाग पडेल. रस्त्याचं काँक्रिटीकरणही महाग पडतं.

८. शाळेची घंटा कुणाला विचारून बदलली?

फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण खात्याने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. झोपेचं कारण खरं आहे, मीही मान्य करते. पण आठ वाजता घर सोडणाऱ्या आईबापांनी आठ ते नऊ मुलाला कुठे ठेवायचं, हे त्या पत्रकात नव्हतं. परिणाम: काही पाळणाघरांत 'सकाळचा एक तास' असा नवा दर आला.

९. ऊस आणि वीट.

शहराबद्दल फार बोलले, म्हणून हे थोडं. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. उचल जोडीला मिळते, म्हणजे बाई घरी थांबली तर कोयता अर्धा आणि उचलही बुडाली. तान्हं मूल फडातच, ट्रॉलीच्या सावलीत झोळीत. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, ती शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. झोळीतल्या मुलासाठी कारखान्याच्या तळावर एक सावलीची जागा आणि एक बाई ठेवणं कुठल्याही साखर कारखान्याला न झेपणारं नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पाच किंवा अधिक लहान मुलं कामावर आली तर त्यांच्याकडे बघायला एका बाईला नेमायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची, असं लिहिलं होतं. तो विचार उसाच्या फडाला का लागू होत नाही?

बांधकामावर तर पैसाही जमा आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर कामगार कल्याणाचा उपकर सुरू झाला, महाराष्ट्रात १ टक्का. मुंबईत १९७२ पासून मोबाइल क्रेशेससारखी संस्था बांधकामांच्या जागीच मुलांना सांभाळत आली आहे, म्हणजे जमतं. प्रत्येक टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याचं विक्री कार्यालय उभं राहतं. त्याच पत्र्याची आणखी एक खोली.

१०. बाबांचा नंबर.

नोकरदार बायकांना रजा द्या, सवलती द्या, सगळं त्यांच्याच नावाने द्या, असं म्हणत गेलो तर मालक बाईलाच महाग समजणार. केंद्र सरकारी नोकरीत बाईला बालसंगोपन रजा ७३० दिवसांची, पुरुषाला पितृत्व रजा १५ दिवसांची. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात तेवढीही नाही. निदान एक महिन्याची पगारी पितृत्व रजा, न घेतल्यास वाया जाणारी, हवी. वाया जाणारी असली की घेतात, हे मी बँकेत चांगलंच पाहिलं आहे.

भाचीच्या मुलाच्या पाळणाघराच्या अर्जावर 'आईचा मोबाइल' या रकान्याला तारा होता, म्हणजे भरणं सक्तीचं. 'वडिलांचा मोबाइल' असल्यास. आमच्या त्या चहानंतर आठवड्याने जावयाने जाऊन आईच्या रकान्यात स्वतःचा नंबर लिहिला. ताई हसल्या, म्हणाल्या, लागला तर उचलाल ना? मागच्या मंगळवारी मुलाला एकशे दोन ताप आला. फोन त्याला गेला. त्याने साहेबांकडे हाफ डे मागितला तेव्हा साहेबांनी विचारलं, "मिसेस गावाला गेल्यात का?"

तो हाफ डे त्या विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिला आहे. आता तिथे दोन रकाने आहेत, आणि पाळणाघराच्या ८,००० पैकी ४,८०० त्याच्या रकान्यात आहेत, पगाराच्या प्रमाणात. हे प्रमाण भाचीने काढलं. पोळ्यांच्या मावशींच्या पगारावरून मात्र त्यांचं अजून भांडण चालू आहे.